उपनगरांतील चित्रपटगृहांचा चढउतार

मुंबईच्या उपनगरांत पत्ता सांगताना आजही चित्रपटगृहाचे नाव घेतले जाते. ठाण्यातील राज्य परिवहनाचे एक बस स्थानक 'वंदना' या नावाने ओळखले जाते. हे नाव मूळचे वंदना टॉकीजचे. घाटकोपर पूर्वेला 'ओडियन' म्हटले की रिक्षाचालकाला अधिक काही सांगावे लागत नाही, मात्र त्या जागी आता व्यापारी संकुल आहे. वांद्र्याच्या हिल रोडवरील न्यू टॉकीजच्या जागेवर पुढे कपड्यांचे मोठे दालन आले. दादरचे कोहिनूर चित्रपटगृह गेले आणि तेथे 'नक्षत्र' हे संकुल उभे राहिले. प्रशासकीयदृष्ट्या दादर शहरात मोडते हे खरे. परंतु शहर आणि उपनगर यांच्या सीमेवरचे दादर हे दोन्ही रेल्वेमार्गांवरील प्रेक्षकांचे स्थानक असल्याने त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही.

ही चित्रपटगृहे चित्रपट वाईट निघू लागले म्हणून बंद पडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धसत्य आहे. चित्रपट चालत असतानाही अनेक चित्रपटगृहे बंद झाली. जमिनीची किंमत, कराची रचना आणि आसनांची संख्या या तीन गोष्टींनी त्यांचे भवितव्य अधिक प्रमाणात ठरविले.

रेल्वेबरोबर आलेला पडदा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. दोन्ही ठिकाणे दक्षिण मुंबईतील. हा चित्रपट तयार झाला मात्र दादरमध्ये; ज्या रस्त्यावर फाळके यांचे बिऱ्हाड आणि स्टुडिओ होता, त्याला आज त्यांचेच नाव आहे. चित्रपट उत्तरेकडे तयार करायचा आणि दक्षिणेकडे दाखवायचा, अशी विभागणी त्यानंतर बराच काळ टिकली.

१९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली आणि नोकरदार कुटुंबे हळूहळू उत्तरेकडे सरकू लागली. १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दी वाढवून मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आणण्यात आला. नवी वसाहत, तिची शाळा, बाजार आणि स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक चित्रपटगृह, असा उपनगराचा साचाच तयार झाला. एका पडद्यासमोर सातशे ते हजार खुर्च्या, खाली स्टॉल, वर बाल्कनी, दिवसाला तीन किंवा चार खेळ आणि सकाळी कमी दरात मॅटिनी. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वार्तापट दाखविणे परवान्यानुसार बंधनकारक होते आणि त्यासाठी चित्रपटगृहाला उत्पन्नातील एक टक्क्यापर्यंत रक्कम द्यावी लागे. दूरदर्शनचा संच घराघरांत पोहोचण्यापूर्वी अनेकांनी देशातील धरणे, पूर आणि क्रिकेटचे सामने प्रथम या वार्तापटांतच पाहिले.

त्या काळातील व्यवहार साधा होता. मुंबई विभागात वितरक आठवड्याचे ठरावीक भाडे देऊन चित्रपटगृह घेत असे. चित्रपट तुफान चालला तर फायदा वितरकाचा. पडला तरी मालकाचे भाडे सुटत नसे. चित्रपटाच्या प्रती मोजक्या निघत. प्रमुख चित्रपटगृहांतील गर्दी ओसरल्यावर त्या प्रती दुय्यम चित्रपटगृहांकडे जात. कधी एकच प्रत दोन चित्रपटगृहांत चाले. पहिल्या ठिकाणी एक रीळ संपले की ते डब्यात घालून माणूस दुसऱ्या ठिकाणी धावत सुटे. तो वाटेत अडकला तर मध्यंतर लांबे आणि प्रेक्षक शिट्ट्या वाजवीत. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळत. त्यांच्यातील अंतर सारखे ठेवणे हे ऑपरेटरचे कसब होते आणि त्याचा हात चुकला तर पडदा पिवळसर पडे.

चित्रपटगृह कोणाला मिळणार, हा प्रश्न तेव्हाही पेटत असे. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' कोहिनूरमध्ये लागायचा होता. परंतु देव आनंद यांच्या 'तेरे मेरे सपने'साठी तो डावलला गेला. शिवसेनेने आंदोलन केले, 'सोंगाड्या' लागला आणि चाललाही. मराठी चित्रपटाला पडदा मिळत नाही ही तक्रार आजची नाही, हे या घटनेवरून लक्षात यावे. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी चित्रपटाला स्थान देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच वाद नव्या जागी उभा राहिला होता.

संप, व्हिडिओ आणि केबल

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. गिरणगावातील चित्रपटगृहांचा नियमित प्रेक्षक हाच होता. त्यातील अनेक कुटुंबे पुढे कल्याण, डोंबिवली, विरार या बाजूला स्थलांतरित झाली. म्हणजे प्रेक्षक उपनगरांकडे आला खरा, पण त्याच्या खिशात पूर्वीइतके पैसे उरले नव्हते.

त्याच वर्षी दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ. चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन चित्रपट पाहायचे, ही पद्धत रूढ झाली. १९९० नंतर केबलचे जाळे पसरले. कुटुंबातील स्त्रिया आणि मुले चित्रपटगृहात येईनाशी झाली, स्टॉलमध्ये तरुणांची गर्दी उरली, त्यांच्यासाठी मारधाडीचे चित्रपट लावले गेले आणि त्यामुळे कुटुंबे आणखी दुरावली. उत्पन्न घटल्याने दुरुस्ती थांबली. फाटक्या खुर्च्या, बंद पंखे आणि अस्वच्छ प्रसाधनगृहे ही ओळख याच काळातील आहे आणि ती मालकांनी स्वतःही ओढवून घेतली, हे नमूद केले पाहिजे. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' या चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ न देता तो निवडक आणि सुधारलेल्या चित्रपटगृहांत दाखविण्यात आला, तेव्हा हीच कुटुंबे वाढीव दराचे तिकीट काढून परत आली. बैठक चांगली असेल तर प्रेक्षक येतो, हा धडा त्यातून मिळाला. तो उपनगरांतील फार थोड्या मालकांनी घेतला.

दिल्लीतील १९९७ हे वर्ष

एकाच वर्षी, एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर दोन घटना घडल्या. १३ जून १९९७ रोजी दक्षिण दिल्लीतील ग्रीन पार्क वसाहतीच्या उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर' चालू असताना तळमजल्यावरील वाहनतळातील रोहित्रामुळे आग लागली. धूर वर चढला, बाल्कनीत जादा बसविलेल्या खुर्च्यांमुळे बाहेर पडण्याची वाट अडली आणि ५९ जण गुदमरून मरण पावले. वसाहतीतले, ओळखीचे चित्रपटगृह सुरक्षित असते या समजुतीला त्या दिवशी तडा गेला. चार अधिक खुर्च्या बसवून उत्पन्न वाढविण्याचा मोह किती महाग पडू शकतो, हेही देशाला दिसले.

त्याच वर्षी साकेत येथील जुन्या अनुपम चित्रपटगृहाचे रूपांतर चार पडद्यांच्या पीव्हीआर अनुपममध्ये झाले. भारतातील पहिले मल्टिप्लेक्स म्हणून त्याची नोंद आहे. म्हणजे ज्याला पुढे एकपडदा चित्रपटगृहांचा काळ मानले गेले, त्या मल्टिप्लेक्सचा जन्म वसाहतीतील एका साध्या चित्रपटगृहाच्या पोटीच झाला होता. १९९८ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि बँकांच्या कर्जाची दारे उघडली. महाराष्ट्राने २००१ मध्ये मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणले. त्यात पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ आणि पुढील दोन वर्षे अंशतः माफ होता. त्या वेळी मुंबईत हा कर ४५ टक्क्यांपर्यंत होता, हे लक्षात घेतले की सवलतीचे मोल कळते. वडाळ्याचे आयमॅक्स २००१ मध्ये सुरू झाले आणि पाठोपाठ अंधेरीपासून ठाण्यापर्यंत मॉलच्या वरच्या मजल्यांवर पडदे लागू लागले.

सवलत देण्यात चूक नव्हती. नवी गुंतवणूक आली, रोजगार आला. परंतु शेजारच्या रस्त्यावरील जुने चित्रपटगृह त्याच तिकिटावर पूर्ण कर भरत होते. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच एका धावपटूच्या पायात बेडी होती.

हजार खुर्च्यांचे ओझे

मल्टिप्लेक्सच्या एका पडद्यासमोर साधारण दीडशे ते तीनशे आसने असतात. चित्रपट चालला तर तो तीन पडद्यांवर लावता येतो, पडला तर सर्वांत लहान पडद्यावर ढकलता येतो. एकपडदा चित्रपटगृहाला ही मोकळीक नाही. उदाहरणादाखल, नऊशे आसनांच्या प्रेक्षागृहात मंगळवारी दुपारी ऐंशी प्रेक्षक आले, तरी वातानुकूलन नऊशे जणांच्या जागेचेच करावे लागते, सफाई तेवढीच, वीज तेवढीच. रविवारी भरणारे घर मंगळवारची भरपाई करीत असे, तोपर्यंत हे चालले. आठवड्याचे सातही दिवस एका चित्रपटावर अवलंबून राहणे हे पूर्वीचे बलस्थान होते. तोच पुढे धोका ठरला.

डिजिटल प्रक्षेपणाने या प्रश्नाला अनपेक्षित वळण दिले. २००५ पासून यूएफओ मूव्हीज आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी उपग्रहाद्वारे किंवा हार्ड डिस्कवर चित्रपट पोहोचविण्यास सुरुवात केली. महागड्या प्रतींची गरज संपली, रिळांचे डबे घेऊन धावणारा माणूसही गेला. कल्याणच्या प्रेक्षकाला नवा चित्रपट कुलाब्याच्या प्रेक्षकाबरोबर त्याच शुक्रवारी पाहता येऊ लागला. हे समतेचे पाऊल होते, यात शंका नाही. पण उपनगरातील अनेक चित्रपटगृहांची उपजीविका उशिरा येणाऱ्या प्रतीवर, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या स्वस्त खेळांवर चालत होती. ती फेरीच नाहीशी झाली. पंचवीस आठवड्यांच्या रौप्यमहोत्सवांच्या जागी पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्याचा हिशेब आला. तीन दिवसांत कमाई करायची तर तिकीट महाग हवे आणि खेळ जास्त हवेत. दोन्ही गोष्टी मल्टिप्लेक्सला सोयीच्या.

२००९ मध्ये एप्रिल ते जून या काळात निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून संघर्ष झाला आणि नवे हिंदी चित्रपट अडकून पडले. तोडगा निघाला तो असा: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३० टक्के. या वाटाघाटीत एकपडदा चित्रपटगृहांचा आवाज नव्हता. मोठ्या साखळ्यांच्या उत्पन्नात खाद्यपदार्थांचा वाटाही मोठा असतो. वडा आणि सामोसा विकणाऱ्या उपाहारगृहाला ठेक्यावर देऊन टाकलेल्या जुन्या मालकाला ते गणित कधी जमलेच नाही.

काही चित्रपटगृहांनी या काळात निराळा प्रेक्षक शोधला. २००४ च्या सुमारास 'ससुरा बडा पैसावाला' या भोजपुरी चित्रपटाच्या यशानंतर मुंबई आणि दिल्लीच्या उपनगरांतील जुन्या पडद्यांवर भोजपुरी चित्रपट नियमित लागू लागले. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या श्रमिकांना मॉलमधील तिकीट परवडत नव्हते आणि तेथे त्यांच्या भाषेतील चित्रपटही नव्हता. लालबाग-परळच्या भारतमाता चित्रपटगृहाने हीच गोष्ट मराठी चित्रपटांसाठी केली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनीवर असलेले हे चित्रपटगृह बंद होण्याची वेळ आली, तेव्हा कलावंत आणि प्रेक्षक ते वाचविण्यासाठी पुढे आले होते.

तग धरलेली आणि न धरलेली

वांद्र्याचे गेईटी-गॅलेक्सी हे संकुल १९७२ पासून चालू आहे. मल्टिप्लेक्स हा शब्द भारतात येण्यापूर्वीच एका आवारात अनेक पडदे ठेवण्याची कल्पना तेथे राबविली गेली. दर माफक ठेवणे आणि पडद्यांची संख्या वाढवीत नेणे यांमुळे ते टिकले. सर्वसामान्य प्रेक्षकाची पसंती अजमावण्यासाठी निर्माते आजही पहिल्या दिवशी तेथील टाळ्या आणि शिट्ट्या ऐकण्यास जातात. शीव येथील रूपमसारख्या काही जुन्या चित्रपटगृहांच्या जागी मल्टिप्लेक्स आले. जागा तीच राहिली, तिकिटाचा दर आणि प्रेक्षक बदलला. दादरचे चित्रा चित्रपटगृह मात्र मे २०१९ मध्ये बंद झाले. 'स्टुडंट ऑफ द इयर २' हा तेथील शेवटचा चित्रपट. याच दादरमधील प्लाझा हे व्ही. शांताराम यांच्या नावाशी जोडलेले चित्रपटगृह १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटात उद्ध्वस्त होऊनही पुन्हा उभे राहिले होते. स्फोटातून सावरता येते. तोट्याच्या ताळेबंदातून सावरणे अधिक कठीण, असे या दोन शेजाऱ्यांकडे पाहून वाटते.

दक्षिणेतील चित्र पूर्णपणे वेगळे नाही, पण तेथे पडझड सावकाश झाली. तिकीट दरांवर शासकीय नियंत्रण, चित्रपट पाहण्याची घट्ट सवय आणि मालकांची स्वतःहून सुधारणा करण्याची तयारी, ही त्याची कारणे. चेन्नईच्या क्रोमपेट उपनगरातील वेट्री आणि कोयंबेडूचे रोहिणी या चित्रपटगृहांनी ध्वनी, प्रक्षेपण आणि आसने बदलून प्रेक्षक राखला. अशोक नगरचे उदयम मात्र २०२४ मध्ये बंद झाले. केरळमध्ये राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालविते. तिरुवनंतपुरममधील कैरळी, श्री आणि निळा ही त्यांतील परिचित नावे आहेत. महाराष्ट्रात अशी सरकारी साखळी नाही.

महासाथीनंतर

मार्च २०२० मध्ये चित्रपटगृहे बंद झाली. महाराष्ट्रात ती ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. मोठ्या साखळ्यांना भांडवल उभारता आले. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एकत्रही आल्या. एका पडद्याच्या मालकाला मात्र उत्पन्न नसताना वीजजोडणीचे आकार, मालमत्ता कर आणि पगार यांचा भार स्वतःच सोसावा लागला. अनेक ठिकाणी ऑपरेटर आणि डोअरकीपर दुसऱ्या कामाला लागले ते परतलेच नाहीत. घरबसल्या चित्रपट पाहण्याची सवय याच काळात पक्की झाली.

२०२३ मध्ये 'पठाण', 'गदर २' आणि 'जवान' यांनी जुन्या प्रेक्षागृहांत 'हाऊसफुल्ल'च्या पाट्या परत आणल्या. 'बाईपण भारी देवा' पाहण्यासाठी स्त्रियांचे गट नटूनथटून आले. पण वर्षातून चार-पाच गर्दीचे आठवडे आणि उरलेला काळ रिकामा, अशा पद्धतीवर बारमाही व्यवसाय चालत नाही. मे २०२४ मध्ये निवडणुका, आयपीएल आणि मोठ्या चित्रपटांचा अभाव यांमुळे तेलंगणातील एकपडदा चित्रपटगृहांनी सुमारे दहा दिवस खेळ बंद ठेवले होते. जेथे चित्रपटवेड सर्वाधिक मानले जाते, तेथील ही स्थिती.

कर आणि जमीन

१ जुलै २०१७ पासून करमणूक कराची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के असा दर होता. १ जानेवारी २०१९ पासून तो अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर केवळ ५ टक्के कर आहे. त्यावरील तिकिटावर १८ टक्के कायम आहे. स्वस्त तिकीट विकणाऱ्याला मिळालेला हा पहिला ठळक लाभ. मात्र शंभर रुपयांची मर्यादा २०१७ पासून बदललेली नाही आणि दरम्यान वीज, पगार व दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला. शंभराच्या आत राहावे तर खर्च निघत नाही, वर जावे तर मॉलइतकाच कर, अशी ही कोंडी आहे.

जमिनीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. स्थानकाजवळचा भूखंड आज चित्रपटगृहाच्या कोणत्याही कल्पनीय उत्पन्नापेक्षा कितीतरी मौल्यवान आहे. मुंबईच्या विकास नियमावलीनुसार चित्रपटगृहाच्या जागेवर पुनर्बांधणी करताना लहान का होईना, चित्रपटगृह राखावे लागते. ही अट रद्द करावी, अशी मालकांच्या संघटनेची जुनी मागणी आहे. करमणुकीच्या जागा एकदा गेल्या की परत मिळत नाहीत, हा अट ठेवण्यामागचा विचार योग्यच आहे. पण व्यवहारात काय होते, ते उपनगरांतून फिरताना दिसते: मालकाला चित्रपटगृह चालविणे परवडत नाही आणि दुसरे काही बांधणे सोयीचे नाही, म्हणून दारे वर्षानुवर्षे बंद राहतात, छताला गळती लागते, फलकावरची अक्षरे एकेक करून पडतात. नियमाने इमारत राखली जाते, खेळ राखला जात नाही. अट ठेवायचीच असेल तर दीडशे-दोनशे आसनांचे, माफक दराचे चित्रपटगृह चालविणाऱ्याला मालमत्ता करात आणि विजेच्या दरात काही काळ सवलत देणे तर्काला धरून होईल. २००१ मध्ये मॉलमधील पडद्यांना अशीच सवलत मिळाली होती.

ज्या कुटुंबाला चौघांच्या तिकिटांसाठी आणि खाण्यासाठी हजार-दीड हजार रुपये काढता येत नाहीत, त्याच्यासाठी मोठा पडदा आता सणावारी पाहण्याची गोष्ट झाली आहे. कल्याणपलीकडे आणि विरारच्या दिशेने नव्या वसाहती आजही उभ्या राहत आहेत. त्यांच्या आराखड्यांत वाहनतळ, तरणतलाव आणि व्यायामशाळा आहेत. स्थानकापासून चालत जाता येईल असे चित्रपटगृह मात्र त्यांत सहसा दिसत नाही.